डबा शीड गुंडाळतो, पण काठी कोण धरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या एका वाचकाने जुनं १६ फुटी कॅटमरान घेतलंय. फायबरचे दोन हल (बोटीचे सांगाडे), मध्ये बसायचं ट्रॅम्पोलीन, मेनसेल म्हणजे मोठं शीड आणि पुढे जिब हे छोटं शीड. मुंबईत दारूखान्यात भंगार चाळताना त्याला जिब गुंडाळायचा फर्लर सापडला. दोरी गुंडाळायचा खालचा ड्रम, वरचं फिरतं स्विव्हल आणि दोन शॅकल (जोडकड्या), बाकी काही नाही. शिक्का झिजलेला, त्यामुळे कोणत्या कंपनीचा ते कळत नाही. बोट तो बहुतेक एकटाच चालवतो. त्याचं विचारणं तीन प्रकारचं आहे: हा माल वापरण्याजोगा आहे का, तो बसवायचा कसा, आणि वारा वाढला की अर्धं जिब गुंडाळून चालेल का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. मोठ्या यॉटवर फोरस्टेभोवती, म्हणजे काठी (शिडाचा उभा खांब) पुढून धरून ठेवणाऱ्या वायरीभोवती, अ‍ॅल्युमिनियमची खोबणीवाली नळी असते. शिडाची पुढची कड त्या नळीत बसते आणि अख्खी नळी फिरते, म्हणून तिथे शीड थोडं गुंडाळून लहान करता येतं. आपल्या छोट्या फर्लरला तशी नळी नसते. शिडाच्या कडेत शिवलेली बारीक वायर, खाली ड्रम, वर स्विव्हल, एवढाच कारभार. अर्धं गुंडाळलंत तर खालचं टोक पाच फेरे घेतं, वरचं तीनच, आणि मधल्या पोटात वाऱ्याची पिशवी तयार होते. शिवाय शीड उलगडायला बघतं आणि तो सगळा ताण ड्रमवरच्या ४ मिलिमीटर दोरीवर येतो. आपल्या बोटीवर जिब एकतर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. मधली पायरी नाही.

आता महत्त्वाचं. सुरुवातीच्या काळात मीही असाच एक जुना ड्रम आणला होता आणि उत्साहाच्या भरात सरळ फोरस्टेच्या मध्येच घातला. ब्रायडलवर (दोन्ही हलांच्या नाकांपासून येऊन मध्ये जुळणाऱ्या वायरींवर) ड्रम, ड्रमवर फोरस्टे, माथ्याशी स्विव्हल, आणि चेनवालं जिब, म्हणजे पुढची कड झिपने वायरीभोवती बंद होणारं, त्याच वायरीवर. दिसायला छान, सुटसुटीत. दोन महिने मजेत गेले. ड्रम जरा जड फिरायचा, पण मीठ असेल म्हणून मी वरून पाणी ओतायचो आणि पुढे जायचो. प्रत्यक्षात ड्रमच्या आणि वरच्या स्विव्हलच्या आतले बेअरिंगचे छर्रे अडकत होते. दोरी ओढली की वरचं स्विव्हल फिरायच्या आधी वायरच पिळवटली जायची, रोज दहा-बारा वेळा. एके दिवशी तारकर्लीसमोर दुपारचा वारा १५ नॉटच्या आसपास आल्यावर वायर ड्रमच्या वरच्या टर्मिनलपाशी तुटली. फोरस्टे गेला की काठी मागे पडते, म्हणजे थेट ट्रॅम्पोलीनवर बसलेल्यांच्या अंगावर. सोबतच्या शिकाऊ मुलाच्या खांद्याला टाके पडले. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही ते नशीब.

आम्ही बोट ओढत पुळणीवर आणली तेव्हा रापणीचं जाळं आवरणारे एक म्हातारे तांडेल बघायला आले. ड्रम हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, "ह्यो डबो तुटलो तर काठी कोण धरतलो?"

त्यानंतर कुठल्याही फर्लरकडे बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो. आपण त्याला शिडाचं सामान समजतो. पण तो फोरस्टेच्या रांगेत बसला की काठी उभी ठेवणाऱ्या साखळीतली एक कडी होतो, आणि तुमच्या बाबतीत ती कडी कुठून आली हे माहीत नाही. मेनशीट, म्हणजे मेनसेल ओढायची दोरी, सहापदरी असेल तर हाताने २५ किलोचा जोर लावला तरी घर्षण वजा जाता सव्वाशे किलोच्या वर ताण मेनसेलच्या मागच्या कडेतून काठीच्या माथ्यावर जातो, आणि काठी तो पुढच्या वायरीवर टाकते. लाटेत नाक आपटलं की त्याहून जास्त. भंगारातल्या छर्‍यांच्या भरवशावर मी हे सोडणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फोरस्टे वेगळा ठेवा, जिब वेगळं. फोरस्टे कायमचा, स्वतःच्या पिनांवर, ब्रायडलपासून काठीपर्यंत सलग. जिबच्या कडेत त्याची स्वतःची वायर, खाली ड्रम, वर स्विव्हल, स्विव्हलच्या वर हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी. हॅलियार्ड ताणला की काठीचा भार जिबच्या वायरीवर येतो आणि फोरस्टे किंचित सैल पडतो. ते तसंच हवं. उद्या ड्रम, स्विव्हल किंवा हॅलियार्ड यांतलं काहीही तुटलं तर काठी वीतभर मागे जाईल आणि फोरस्टे तिला धरेल. त्या तांडेलांच्या प्रश्नाला हे माझं उत्तर.

तुमचं जिब फोरस्टेभोवती चेनने बंद होणारं असेल तर फर्लरबरोबर ती चेन वापरू नका. फिरणाऱ्या शिडाच्या पोटात न फिरणारी वायर अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. आधी मात्र शिडाच्या कडेत वायर खरंच आहे का ते चाचपून बघा. काही जिबांत नुसती पट्टी किंवा दोरी असते. तसं असेल तर वायर घालावी लागेल, आणि ती १×१९ विणीची, म्हणजे ताठ. ७×१९ ची मऊ वायर गुंडाळायला सोपी वाटते, पण खालचा पीळ वर पोचेपर्यंत ती स्वतःच पिळते. डायनीमाची (अतिमजबूत प्लास्टिक धाग्याची) दोरी तर त्याहून वाईट. ताकदीला उत्तम, पण खाली फिरवलेलं तिच्या वरच्या टोकाला कळतच नाही. वजन वाचवायच्या नादात माझ्या ओळखीच्या एकाने ती घातली होती. त्याचं जिब खाली विडीसारखं घट्ट आणि वर छत्रीसारखं उघडं राहायचं.

वेगळ्या फोरस्टेची एक अडचण आहे, ती लपवत नाही. सैल फोरस्टे आणि जिबची वायर फार जवळ असतील तर गुंडाळताना शीड फोरस्टेलाही पोटात घेतं. दोन हलांच्या मध्ये डेक नाही, नुसती हवा आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी ब्रायडलच्या टोकावरच टेकवाव्या लागतात. यासाठी मी त्रिकोणी पट्टी करून घेतो: स्टेनलेस ३१६, ४ मिलिमीटर जाड, तीन भोकं. खालच्या कोपऱ्यात दोन्ही ब्रायडल, वरच्या पुढच्या कोपऱ्यात फोरस्टे, वरच्या मागच्या कोपऱ्यात ड्रम. वरच्या दोन भोकांत ६ ते ७ सेंटिमीटर अंतर पुरतं. जिब ताणलं की पट्टी थोडी कलते; कलू द्या, तिला सरळ करायला जाऊ नका. काठीच्या बाजूला हॅलियार्डचा ब्लॉक (कप्पी) फोरस्टेच्या टँगच्या (काठीवरच्या पट्टीच्या) थोडा खाली असायला हवा, म्हणजे वरही फट राहते. तरीही फोरस्टे फडफडतोच. खालून हातभर लांबीवर बारीक इलॅस्टिक दोरी बांधून तो पुढे ओढून ठेवला की त्रास संपतो.

ही पट्टी आणखी एक काम करते. नुसत्या एका शॅकलने ड्रम ब्रायडलला लावला तर जड ड्रम फिरण्याऐवजी शॅकलच फिरते आणि दोन्ही ब्रायडल वायरी एकमेकींत वेणीसारख्या गुंफतात. पट्टीची रुंदी आणि तिच्या पुढच्या भोकातला फोरस्टे मिळून हे बरंचसं थांबवतात. मात्र ब्रायडलला पीळ पडताना दिसला तर दोष पट्टीत शोधू नका, ड्रम जड झालाय असं समजा.

आता माल तपासणं. सर्वांत जास्त वेळ इथे घालवा.

आधी नुसत्या हाताने फिरवून काही कळत नाही. रिकामा ड्रम कुठलाही फिरतो, माझाही फिरायचा. भार देऊन फिरवा. ज्या वर्कशॉपमध्ये चेनब्लॉक आणि डिजिटल काटा आहे तिथे जा. ड्रम आणि स्विव्हल एकाखाली एक अडकवा, १५० किलोपर्यंत ताण द्या आणि मग ड्रमवर दोरी गुंडाळून ओढा. खाली कोणी उभं राहू नका. एकसारखा, मऊ फिरला तर ठीक. मध्ये कुठेतरी अडखळून पुढे गेला तर एखादा छर्रा चपटा झालाय किंवा त्याची वाट खड्डेदार झालीय. स्विव्हलची परीक्षा जास्त कडक घ्या. ड्रम जड झाला तर हाताला कळतो. वरचं स्विव्हल हाताबाहेर उंचावर असतं, ते जड झालं की शीड गुंडाळताना हॅलियार्डच फोरस्टेभोवती विळखा घालतो आणि मग जिब ना उघडतं, ना बंद होतं, ना खाली येतं.

उघडता येणारा असेल तर परातीत उघडा. छर्रे सुटून पळाले की वाळूत सापडत नाहीत, आणि किती होते हे मोजलेलं नसेल तर पुढे पंचाईत. पांढरा चुरा दिसला तर ते अ‍ॅल्युमिनियमचं गंजणं आहे. कोमट गोड्या पाण्यात भिजवा, टूथब्रशने घासा, फारच घट्ट असेल तर पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये पंधरा मिनिटं ठेवून लगेच धुवा. कोणीतरी कोकमाचं आगळ लावायला सांगेल. आगळ सोलकढीला ठेवा. छर्रे बदलायचे तर सगळे एकदम बदला, आणि स्टेनलेस ३१६ चेच घ्या. बेअरिंगच्या दुकानात मिळणारे चकचकीत छर्रे क्रोम स्टीलचे असतात, गाडीसाठी फार चांगले, आपल्या पाण्यात आठवड्यात तांबडे. प्लास्टिकचे छर्रे निघाले आणि ते पिवळे पडून चिरलेले असतील तर सरळ नाद सोडा.

ग्रीस भरू नका. ट्रकवाल्या मेकॅनिकचा पहिला हात ग्रीसच्या डब्याकडे जातो, त्याचा दोष नाही. पण आपण किनाऱ्यावरून बोट लोटतो. तारकर्ली-देवबागची ती पिठासारखी बारीक वाळू ग्रीसमध्ये बसली की त्याचा पॉलिश पेपर होतो. उघड्या छर्‍यांना गोडं पाणी हेच वंगण. फारच वाटलं तर सुका टेफ्लॉन स्प्रे.

मग धातू. खालचा फोर्क, वरचा फोर्क (पिन बसते ती दुबेळकी), पिनांची भोकं. भोक अंडाकृती झालं असेल, फोर्कच्या मुळाशी तपकिरी रेघ असेल, तर बारीक चीर असण्याची शक्यता धरून चाला. रत्नागिरीजवळच्या मिरजोळे किंवा कुडाळ एमआयडीसीत चांगल्या फॅब्रिकेटरकडे 'डीपी टेस्ट'चे तीन डबे असतात: एक सफाईचा, एक लाल रंगाचा, एक पांढरा. लाल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, पुसा, पांढरा मारा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. काम अर्ध्या तासाचं आहे. चीर दिसली तर वेल्डिंग करून घेऊ नका. तो भाग संपला.

बदलायच्या पिना आणि शॅकल घेताना 'एसएस' या दोन अक्षरांवर विश्वास ठेवू नका. दुकानात एसएस म्हणजे बऱ्याचदा २०२, नशीब चांगलं असेल तर ३०४. २०२ एका हंगामात गंजतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात तेच तग धरतं. लोहचुंबक लावून बघायची युक्ती इथे चालत नाही, कारण ३०४ आणि ३१६ दोन्ही जवळजवळ चिकटतच नाहीत, आणि २०२ सुद्धा नाही. मॉलिब्डेनम ओळखायचे थेंब मिळतात, ते वापरणारा दुकानदार शोधा किंवा बिल आणि ग्रेड मागून घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारत फिरलात तर मिळतं.

पिनांचा आणखी एक सापळा आहे. परदेशी फर्लर बरेचदा इंची मापाचे असतात. पाव इंचाचं भोक म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्याकडे ६ मिलिमीटरची पिन सहज मिळते, ती आत जाते, आणि आपण खूश होतो. पण त्या तिसऱ्या हिश्श्याच्या मिलिमीटरने पिन रोज खुळखुळते आणि भोक मोठं करत जाते. लेथवाल्याकडून ३१६ च्या सळईची नेमक्या मापाची पिन कापून घ्या. खर्च किरकोळ आहे. लेथवाला 'सहाची घाला की, काय फरक पडतो' म्हणेल. तिथे अडून बसा.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे, म्हणजे काठीवरचा टँग, क्रॉसबीमवरचं (हल जोडणाऱ्या आडव्या नळीवरचं) दोरी अडकवायचं क्लीट, मध्ये नायलॉनचा वॉशर आणि स्क्रूला झिंक क्रोमेटची किंवा तत्सम पेस्ट लावा. नाहीतर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

फर्लर मध्ये आला की जिबच्या कडेला उंची कमी पडते, हे बसवायच्या दिवशी लक्षात येतं आणि तोवर उशीर झालेला असतो. ड्रमने खालून ८ ते १२ सेंटिमीटर खाल्ले, स्विव्हलने वरून ५ ते ८. तुमच्या मालाची मापं काढा आणि आधीच जमिनीवर काठी आडवी ठेवून सगळं ताणून बघा. हॅलियार्ड ओढताना वरचे दोन ब्लॉक एकमेकांना चिकटले आणि वायर अजून सैल असेल तर काम अडलं. अशा वेळी लोक काठी मागे कलवून जागा करतात. ते करू नका. त्याने बूम (मेनसेलखालची आडवी दांडी) खाली येतो आणि टॅकच्या, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवायच्या, वेळी डोकी फुटतात. त्यापेक्षा ड्रम शक्य तितका खाली घ्या, मधल्या फालतू शॅकल काढा. एवढं करून भागलं नाही तर शिडाची वरची बाजू कापून पुन्हा शिवून घ्या. आपल्या भागात शीड शिवणारा कारागीर मिळत नाही, पण ताडपत्री आणि रेक्झिन शिवणारा चालतो. दोरा मात्र उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा, तुम्ही विकत घेऊन द्या.

वायरीची टोकं नव्याने करायची असतील तर तांब्याच्या फेरूलने, योग्य मापाच्या हाताच्या दाबयंत्राने, दोन-दोन फेरूल. विहिरीच्या मोटरला लावतात ते यू-क्लॅम्प फोरस्टेवर कधीही नाहीत. वायर किती जाड घ्यावी असा प्रश्न पडेलच: चांगल्या प्रतीची ३ मिलिमीटर १×१९ वायर साधारण ७०० किलोला तुटते, ४ ची १२०० च्या पुढे. फोरस्टे मूळ बोटीवर जेवढा होता त्याहून बारीक कधी नको.

जिब वर सरकलं की त्याचा मागचा कोपराही वर जातो आणि शीट, म्हणजे जिब ओढायची दोरी, जास्त उभी ओढू लागते. मागची कड ताठ, तळ सैल. जिबच्या कोपऱ्यावर भोकांची पट्टी असेल तर एक भोक खाली या. पट्टी नसेल आणि शीटचा ब्लॉक सरकवता येत असेल तर तो मागे घ्या. ताडून बघायची सोपी रीत अशी: शीटची रेघ डोळ्याने पुढे वाढवली तर ती शिडाच्या पुढच्या कडेला साधारण मध्यावर भेटायला हवी.

जिबात आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, असतील तर ते नीट गुंडाळलं जाणार नाही. काढून टाका, मागची कड थोडी फडफडेल, ती सोसा. पुढेमागे पुढच्या कडेला समांतर, उभ्या बॅटनचं जिब मिळालं तर उत्तम.

आता दोरी. इथे बहुतेकांचा घोटाळा दोन ठिकाणी होतो: लांबी आणि वाट. लांबीचं गणित घरी करता येतं. जिबचा तळ १८० सेंटिमीटर धरा. घट्ट गुंडाळीचा घेर साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे १२ फेरे. शीटच्या दोऱ्यांचे दोन-तीन विळखे वर पडायला हवेत, त्याचे ३. जोराच्या वाऱ्यात गुंडाळी आणखी घट्ट होते आणि फेरे वाढतात, त्यासाठी २ शिल्लक. झाले १७. ड्रमवर दोरीच्या थराचा सरासरी व्यास ६ सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्याला १९ सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन मीटर दोरी. त्यात ड्रमपासून पुढच्या क्रॉसबीमपर्यंतचे दीड मीटर आणि हातात धरायला मीटरभर. सहा मीटर विकत घ्या. जिब उघडं असताना ड्रम दोरीने भरलेला असतो, बंद असताना रिकामा. हे उलटं करून बसवणारे मी तीन तरी पाहिलेत, त्यांत एक मी स्वतः. सतरा फेरे ड्रमच्या कडांमध्ये मावत नसतील तर ड्रमवर राहणाऱ्या भागातून दोरीचा आतला गाभा ओढून काढा, नुसतं वेष्टण राहू द्या. ताकद कमी होते, पण जागा बरीच वाचते.

वाट म्हणजे दोरी ड्रममध्ये शिरण्याचा कोन. ती काटकोनात शिरली पाहिजे. आपल्या बोटीवर ड्रम वर आणि क्रॉसबीम खाली, त्यामुळे दोरी तिरकी येते, एका कडेला ढीग करते आणि शेवटी कडेवरून उडी मारून ड्रमच्या खाली अडकते. यावर उपाय साधा: ड्रमच्या मधल्या उंचीला, न फिरणाऱ्या जागी, छोटी प्लास्टिकची कडी दोरीने घट्ट बांधा आणि दोरी तिच्यातून न्या. तिथून पुढे ती कशीही खाली गेली तरी चालते. क्लीट क्रॉसबीमच्या मध्यावर, ट्रॅपीझवरून (हलबाहेर लटकायच्या तारेवरून) आत येताना पाय लागणार नाही अशा बेताने.

चालवताना दोन सवयी लावून घ्या. गुंडाळताना शीट पूर्ण सोडू नका, हलका ताण ठेवा, म्हणजे गुंडाळी घट्ट बसते. उघडताना ड्रमची दोरी हातातून सरकू द्या, सोडून देऊ नका. झटक्याने उघडलं की ड्रमवर सुगरणीचं घरटं होतं. आणि गुंडाळायच्या आधी बोट वाऱ्यापासून थोडी वळवून मेनच्या आडोशाला जिब आणा. जोर लावून ओढावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय. दोरी पायाने ओढणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

एक गोष्ट एकट्याने चालवणाऱ्याला आधी कळत नाही. जिब बंद केलं की अशा बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे जाताना मध्येच अडकतं. नुसत्या मेनवर टॅक घ्यायला गेलात की बोट वाऱ्यात उभी राहते आणि मागे मागे सरकते. मोकळ्या समुद्रात हसण्यावारी जातं. देवबागच्या संगमावर, जिथे कर्लीचं पाणी बाहेर पडतं आणि वाळूच्या बांधावर लाटा फुटतात, तिथे नाही. त्यामुळे खाडीत शिरताना जिब कधी बंद करायचं हे आधी ठरवा. मी शेवटचा टॅक जिब उघडं ठेवून घेतो, मगच गुंडाळतो.

किनाऱ्यावर बोट ठेवताना जिब वर गुंडाळलेलं सोडून घरी जाऊ नका. मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने माझ्या गुंडाळीचं एक टोक सोडवलं, क्षणात पूर्ण जिब उघडलं आणि पुळणीवर उभी असलेली रिकामी बोट माडाच्या बुंध्यावर जाऊन आडवी झाली. काठी वाकली. तेव्हापासून जेवायला जायचं असलं तरी गुंडाळीला तीन ठिकाणी पट्टे बांधतो, आणि रात्री शीड खाली. उन्हाचंही तेच. आपल्या उन्हात गुंडाळलेल्या शिडाचा बाहेरचा थर सुतासारखा फाटू लागतो.

पहिली चाचणी सकाळी घ्या, मतलई वारा मंद असताना आणि खाडीच्या शांत पाण्यात. वीस वेळा उघडा, वीस वेळा बंद करा. किनाऱ्यावर येऊन ब्रायडलचा पीळ, फोरस्टेची टोकं, सगळ्या पिनांच्या रिंगा बघा. रिंगांवर चिकटपट्टी लावा. वायरमनची काळी टेप नको, उन्हात ती वितळून शिडाला डाग पाडते, रबराची स्वतःलाच चिकटणारी टेप मिळते. मगच दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात जा, पहिल्या दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन. रोज परत आलात की ड्रम आणि स्विव्हल गोड्या पाण्यात फिरवून धुवा, बादलीभर पुरतं. पावसाळ्यात दोन्ही काढून घरात ठेवा, कापडात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि हवा न मिळालेलं स्टेनलेस आतून खड्डे पडून गंजतं.

एक प्रामाणिक गोष्ट. दोघेजण असाल आणि शर्यतीच्या जिद्दीने बोट चालवत असाल तर हा सगळा खटाटोप नको, जिब सरळ लावा. तुम्ही एकटे आहात आणि लाटांतून किनाऱ्याला लागता, म्हणून मी बसवा म्हणतोय.

पुढे सांगायला मला तीन गोष्टी लागतील: दोन्ही फोर्कांच्या भोकांचा व्यास व्हर्नियरने मोजलेला, ड्रमच्या खालच्या भोकापासून वरच्या भोकापर्यंतचं अंतर, आणि जिबच्या पुढच्या कडेचा खालून हातभर भागाचा फोटो, आतली वायर चाचपून. भारावर फिरवलेल्या ड्रमचा व्हिडिओ पाठवलात तर आवाज सुरू ठेवा, छर्रे बोलतात.